नोंदीत मोठ्या बाचं नाव

मोठ्या बाला कॉम्प्युटर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि तरी आमच्या तांड्यात वेबसाईट नावावर असलेला पहिला माणूस तोच. ही बढाई नाही. वेबसाईट मी काढली होती आणि नाव त्याचं टाकलं होतं. एवढं एक वाक्य सरळ लिहायला मला फार वर्षं लागली. त्याआधी ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली, पण प्रत्येक वेळी तिच्यात मी जरा बरा माणूस असायचो.

मोठा बा म्हणजे माझ्या वडलांचा थोरला भाऊ आणि साखऱ्याच्या अंगाला असलेल्या आमच्या तांड्याचा नाईक. मी सातवीत असताना वडील गेले. मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला त्यानंच वाढवलं. नाईक म्हणजे काय, तर भांडण झालं की पोलीस ठाण्याच्या आधी ज्याच्या ओट्यावर जायचं तो. तो बोलेल ते दोन्हीकडच्यांनी ऐकायचं. आणि तांड्यात काही नवं झालं की त्यावर नाव नाईकाचं. हापशाच्या कट्ट्यावर त्याचं नाव, देवळाच्या घंटेवर त्याचं, लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून सगळ्यात वर त्याचंच. राबलेलं कुणीही असो. हे नाव टाकताना त्याला कुणी विचारायचं नाही. विचारलं असतं तर त्याला राग आला असता, की माझं नाही तर मग कुणाचं टाकणार होता?

मी शिकलो, हिंगोलीला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि पुसेगावच्या रस्त्याला एका निवासी शाळेत कॉम्प्युटरचा सर म्हणून लागलो. दोन हजार साल तेव्हा नुकतंच उलटलं होतं. ‘लागलो’ हा शब्द तेव्हा आमच्याकडं फार सैल वापरायचे. पगार नव्हता. सरकारी ऑफिसातून मान्यता आली की माणूस कायम होतो, तोवर राबायचं, एवढंच संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं. मी पाच वर्षं राबलो. शाळेतली अर्धीअधिक पोरं आमच्या आणि आसपासच्या तांड्यांवरची. ती तिथं आली तीही मोठ्या बाच्या शब्दावर. त्यानं घरोघर जाऊन सांगितलं होतं, पाठवा लेकरं, आपला पोरगा हाय तिथं मास्तर.

तो पोरगा काय बघत होता ते आता सांगतो. डाळीत किडे असायचे. संडासांना कुलपं, कारण तपासणीला कोणी आलंच तर ते स्वच्छ दिसले पाहिजेत. एका खोलीत चाळीस पोरं अंगाला अंग लावून झोपायची आणि हजेरीवर न आलेल्या पोरांचीही नावं असायची. एका सकाळी आमच्याच तांड्यातलं एक लेकरू प्रार्थनेला उभ्या उभ्या तापानं पडलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, सावलीत ठेवा, प्रार्थना होऊ द्या. मी त्याला सावलीत ठेवलं आणि परत रांगेत येऊन उभा राहिलो. मला स्वतःची किळस आली. मी काही शूर माणूस नव्हतो, पण किळस वाढत गेली की माणसाला काहीतरी करावंच लागतं.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राचा कॅमेरा मी दोन दिवस आणला. डाळ, कुलपं, खोली, हजेरी, सगळ्याचे फोटो काढले. हिंगोलीत एसटी स्टँडच्या मागं एक नेट कॅफे होता, तिथं बसून वेबसाईट तयार केली. संस्थेच्या नावाचाच पत्ता मोकळा होता. त्यांना तो घ्यायचं कधी सुचलंच नव्हतं. तो मी घेतला, जरा खुमखुमीनंच.

आता नोंदीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जमिनीचा सातबारा असतो तसा वेबसाईटच्या पत्त्याचाही एक उतारा असतो. पत्ता कुणाच्या नावावर आहे, तो माणूस राहतो कुठं, त्याचा फोन कोणता, सगळं त्यात असतं. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागं हिंडावं लागतं. हा उतारा मात्र त्या काळी जगातला कुणीही, कुठूनही, फुकट काढू शकायचा. नाव झाकायची सोय होती, पण ती वेगळी मागावी लागायची. मला हे ठाऊक होतं. कोर्सात शिकवलं होतं.

कॅफेवाल्यानं फॉर्म उघडला आणि विचारलं, “सर, नाव किसका डालू?” मी मोठ्या बाचं अख्खं नाव सांगितलं, जराही न अडखळता. पत्ता तांड्याचा दिला. तांड्यावर फोन नव्हता, म्हणून साखऱ्याच्या फाट्यावरच्या पानपट्टीत रुपया टाकून बोलायचा डबा फोन होता त्याचा नंबर दिला. ई-मेलही त्याच्याच नावानं नवा काढला. लोकांना मी सांगत आलो की हे सवयीनं झालं, आमच्यात कशावरही थोरल्या माणसाचंच नाव असतं. हे खरं आहे. पण माझी फाईल त्याच महिन्यात मान्यतेला हिंगोलीच्या ऑफिसात गेली होती, हेही खरं आहे. सवयीनं माझी सोय झाली आणि मी ती होऊ दिली.

महिनाभर ती वेबसाईट मी आणि कॅफेवाला सोडून कुणी पाहिली नसेल. मग मीच औरंगाबादच्या एका वर्तमानपत्राला निनावी पत्र टाकलं. त्यांनी आतल्या पानावर चौकट छापली. लगेच तपासणी लागली, म्हणून दोन दिवसांत भिंती रंगवल्या, पोरांना नव्या ताटल्या दिल्या, आणि साहेब येऊन श्रीखंड-पुरी जेवून गेले. ताटल्या दुसऱ्या दिवशी कपाटात गेल्या. एवढाच काय तो उजेड पडला.

त्यानंतर अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावलं. अध्यक्ष कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांना तशी गरज पडत नव्हती.

“सर, तुमी कॉम्प्युटरचे. हे काम कुणाचं हाय ते काढून द्या.”

“साहेब, असं कळत नसतं.”

“कळतं. माझा भाचा पुण्याला हाय. तो म्हनला, मामा, दोन मिन्टात निघतं, मी काढू का? मी म्हनलं, काहून? आपल्याकडं आपले सर हायत की.”

मी ऑफिसातल्या फोनची वायर काढून कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटर किंचाळून इंटरनेटला जोडला गेला. पान उघडायला दहा मिनिटं लागली, आणि ती दहा मिनिटं अध्यक्ष माझ्या खुर्चीच्या मागं उभे राहून सुपारी कातरत होते. ठिपक्यांचा जुना प्रिंटर होता. करकर करत एकेक ओळ बाहेर पडली. मीच टाईप करवलेलं नाव माझ्याच डोळ्यांसमोर अक्षर अक्षर करत आलं.

अध्यक्षांनी कागद फाडून घेतला, इंग्रजी नाव हळूहळू वाचलं आणि हसू लागले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

“नाईक? आपले नाईक? ज्यायला पोस्टातून आलेलं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं ते?” मग हसू थांबवून माझ्याकडं बघत राहिले. “सर, तुमी पुतने ना त्यायचे? तुमालाबी न्हाई सांगितलं?”

“नाही साहेब.”

हे दोन शब्द माझ्या तोंडून इतक्या पटकन निघाले की मलाच नवल वाटलं. अध्यक्षांना सगळं कळलं होतं. मला कळलं की त्यांना कळलंय, आणि तेही त्यांना कळलं. त्यांनी माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी वकील आले. ते म्हणाले, पत्ता संस्थेच्या नावाचा आहे, म्हणून मालक संस्था. पण नोंदीत नाव नाईकाचं, म्हणून कागदावर मालक नाईक. भांडत बसलं तर वर्षं जातील, नाईकानं स्वखुशीनं दिलं तर काम फत्ते. मी जरा धीर करून विचारलं, की एखाद्याचं नाव-गाव असं काढून त्याच्यावरच वापरणं बराबर आहे का. वकील म्हणाले, “सर, अंगणात वाळत घातलेलं धोतर रस्त्यानं जानारा बघनारच.” सगळे हसले. मीही हसलो. धोतर मोठ्या बाचं होतं, अंगणात टाकलेलं मी होतं, आणि मीच हसत होतो.

मी नंतर त्या उताऱ्याचा खूप विचार केला. नाव मोठ्या बाचं. लिहिलेलं मी. सांभाळत होती कुठली तरी परदेशातली कंपनी, जिला मोठा बा जिवंत आहे की मेला याच्याशी देणंघेणं नव्हतं. छापला अध्यक्षांच्या प्रिंटरनं. एवढ्या सगळ्यांचा त्याच्यावर हात होता, फक्त ज्याचं नाव होतं त्याला खबर नव्हती. खबर द्यायला मला वेळ होता. त्याला पंधरा ऑगस्टला शाळेत बोलवायचं ठरलं होतं, त्याला चार दिवस होते, सायकलवर तांडा तासाभरावर होता. मी गेलो नाही. माझी फाईल साहेबाच्या टेबलावर आहे, सही तेवढी बाकी आहे, असं मला त्याच आठवड्यात मुद्दाम कळवण्यात आलं होतं.

झेंडावंदनाला अध्यक्षांनी मोठ्या बाला मानानं बोलावणं धाडलं, येताना तांडाही आणा म्हणून. तो धुतलेलं धोतर आणि लाल पागोटं घालून आला. पोरांच्या आया आल्या, म्हातारे आले. मंडपात टेबलावर शाळेचा कॉम्प्युटर आणून ठेवला होता. इंटरनेटची वायर तिथवर पोचत नव्हती, म्हणून वेबसाईटची पानं मी आदल्या दिवशी फ्लॉपीत भरून आणली होती. तसा हुकूम होता.

भाषणं झाली. मग अध्यक्ष माईकवर म्हणाले की आपल्या भागातला एक मोठा माणूस इतके दिवस लपून राहिला, त्यानं जगाला दिसेल अशी वेबसाईट काढली, आज त्याचा सत्कार करू. मोठ्या बाच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. त्याला वाटलं, पोरं शाळेत धाडली त्याचा सत्कार आहे. तो हात जोडून हसत होता. मग त्याला कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसवलं.

“नाईक, धरा ते माऊस. उघडा तुमची वेबसाईट. दाखवा लोकायला.”

मोठ्या बानं माऊसवर तळहात ठेवला आणि बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा नुसता ठेवून बसला. लोकांत खसखस पिकली. “दाबा, दाबा,” कुणीतरी ओरडलं. त्यानं सगळ्या हाताचा भार टाकून दाबलं. मग तर पोरंही हसली, तीच पोरं, ज्यांच्या डाळीचे ते फोटो होते. मी दोन हातांवर विजेची वायर धरून उभा होतो. अध्यक्षांनी मला खूण केली. मी वाकून बटण दाबलं आणि पान उघडलं.

“आता वाचा,” अध्यक्ष म्हणाले. “तुमच्याच नावावर हाय. ह्यो बघा कागद. नाव, गाव, फोन, सगळं बराबर हाय का न्हाई? मग वाचून दाखवा.”

मोठ्या बानं तो कागद हातात घेतला. इंग्रजी काय, त्याला मराठीही वाचता येत नव्हतं. त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात त्याला सगळं समजलं. मी वायरीकडं बघू लागलो.

“व्हय,” तो म्हणाला, “माहंच हाय.”

“तुमी लिवलं?”

“माहं नाव हाय ना त्याच्यावर? मंग मीच लिवलं.”

“मग वाचा की!”

आता मंडप मोकळेपणानं हसला. मोठा बा हसू ओसरेस्तोवर थांबला. मग पडद्याजवळ वाकून म्हणाला, “अक्षर मला येत न्हाई. पर हे दिसून राहिलं. ही डाळ हाय. हिच्यात किडे हायत. ही लेकरं आमची हायत.”

क्षणभर कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत एक बाई उठून उभी राहिली, पडद्याकडं बघायला. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, हे मी आजवर कितीदा मनात रचून पाहिलं, त्याची गणती नाही. अध्यक्ष माईकवर म्हणाले, “अरे, नाईकायला चष्मा द्या रे कुनीतरी. मोहरी फोडनी घातलेली दिसंना झाली त्यायला.” परत हशा झाला. बाई खाली बसली. बँडवाल्यांना खूण झाली आणि मोठ्या बाचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही.

कार्यक्रम झाल्यावर ऑफिसात अर्ज तयार होता. तो मीच टाईप केला होता. सदर नोंद माझ्या नावे असून ती मी स्वखुशीने संस्थेच्या हवाली करीत आहे, असं त्यात होतं.

मोठ्या बानं मला विचारलं, “काय लिवलंय?”

“तुझ्या नावावरची नोंद संस्थेला द्यायची.”

“दिल्यावर तुह्या नोकरीचं व्हईल?”

हे सगळ्यांच्या समोर विचारलं. मी म्हणालो, “हो.”

त्यानं अंगठा उठवला आणि शाई सत्काराच्या शालीला पुसली. शाल तिथंच खुर्चीवर ठेवून तो निघून गेला. तांड्यापर्यंत चालत गेला, असं मला नंतर कळलं.

पंधरा दिवसांत नोंद बदलली. पत्ता उघडला की आता झेंडा दिसायचा, फुलझाडं दिसायची, नव्या ताटल्यांत जेवणारी पोरं दिसायची. ते फोटोही मीच काढले. नोंदीत मालक संस्था, आणि खाली तांत्रिक कामासाठी कुणाला विचारावं त्या रकान्यात माझं नाव, पत्ता आणि फोन. ते अध्यक्षांनी आग्रहानं टाकायला लावलं. तीन महिन्यांनी माझी मान्यता आली. पेढे वाटले. मोठ्या बानं पेढा घेतला, माझ्यासमोर खाल्ला, आणि कायम झालास ते बरं झालं म्हणाला.

त्यानं मला कधीही विचारलं नाही की माझं नाव का टाकलंस. मी रोज वाट बघायचो. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर मी रडून मोकळा झालो असतो. त्यानं तेवढंही सुख मला दिलं नाही.

तांड्यानं मात्र विचारलं. ओट्यावर भांडण घेऊन आलेल्या एका पोरानं निकाल मनासारखा लागला नाही तेव्हा उठता उठता म्हटलं, “नाईक, आधी तुमची वेबसाईट वाचून दाखवा.” ओटा हसला. मग ती म्हणच पडून गेली. पोरं त्याला येता-जाता माऊस दाबा म्हणायची. दोन भावांचा बांधाचा वाद सरळ सेनगावच्या ठाण्यात गेला. मोठा बा ओट्यावर बसायचा, पण पुढं कुणी बसेना. वर्षाच्या आत तो फक्त एक म्हातारा राहिला. त्याला नाईक असं फाट्यावरचा पानपट्टीवाला तेवढा म्हणायचा, तोही चेष्टेनं.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीचं लग्न ठरलं. हिंगोलीच्या छापखान्यात पत्रिका द्यायची होती. मी मजकूर लिहिला आणि रिवाजाप्रमाणे निमंत्रक म्हणून मोठ्या बाचं नाव वर घातलं. याही वेळी विचारलं नव्हतं. त्याला कळलं तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं.

“माहं नाव काढ.”

“असं कसं? तूच तिला वाढवलं.”

“म्हनूनच काढ. माह्या नावावर लोक हसत्यात. लगनाच्या कागदावर हसू नको. पोरीला लागंल.”

मी मजकुरावरचं त्याचं नाव खोडलं. वरची जागा रिकामी राहिली. ही बातमी अध्यक्षांच्या कानावर गेली, कशी ते मला ठाऊक नाही, त्यांच्या कानावर सगळंच जायचं. ते म्हणाले, “सर, मी हाय की. आपल्या सरायच्या बहिनीचं लगन म्हंजे संस्थेचं लगन.” मी हात जोडून विनंती केली, की साहेब, आपलं नाव निमंत्रक म्हणून छापायला परवानगी असावी. त्यांनी ती दिली. नाव कसं लिहायचं, कोणती पदवी आधी घालायची, तेही सांगितलं आणि छापायच्या आधी कागद दोनदा मागवून तपासला.

पत्रिका छापून आल्यावर पहिली मी मोठ्या बाकडं नेली. तो ओट्यावर एकटा बसला होता. म्हणाला, वाच. मी वाचायला लागलो. देवाचं नाव वाचलं, मग वरच्या ओळीवर आलो आणि अध्यक्षांचं नाव त्यांच्या सगळ्या पदव्यांसकट वाचलं. मोठ्या बानं हात वर केला, तसा मी थांबलो.

“ह्याला इचारून टाकलं का?”

“हो,” मी म्हणालो.

“मंग बरं,” मोठा बा म्हणाला. “इचारावं लागतं, येवढं तरी शिकलास.”